घोडामैदान जवळच आहे

चिकित्सक : तुझी वही नीट वाचली. तारीख, रेस, घोडा, भाव, निकाल, सगळं ओळीनं लिहिलंयस. हरलेले डाव खोडलेले नाहीत, याबद्दल आधी शाबासकी देतो. रेसला जाणारी बहुतेक माणसं जिंकलेलं गावभर सांगतात आणि हरलेलं घरीही कळू देत नाहीत. तू तसा नाहीस, म्हणून तुझ्याशी हिशेबाचं बोलता येईल. प्रत्येक डाव हजाराचा, असे 20 डाव. त्यांतले चार लागले : एक आठच्या भावानं, एक साडेतीनच्या, एक अडीचच्या, एक दोनच्या. मुद्दल धरून हातात आले 9,000, 4,500, 3,500 आणि 3,000. बेरीज 20,000. घातले तेवढेच परत. तरी पानाच्या तळाशी तू लिहिलंयस, ‘महिना चांगला गेला’. कुठल्या हिशेबानं? तो आठच्या भावाचा डाव बाजूला काढ. उरलेल्या 19 डावांत 19,000 गेले आणि 11,000 आले. तुझा सगळा महिना एका घोड्याच्या पाठीवर उभा आहे. शेवटच्या पन्नास मीटरला तो अडला असता, तर ही वही मला दाखवली असतीस का?

पंटर : दाखवली असती. आणि तो घोडा नव्हे, घोडी. पुण्याच्या पावसाळी मोसमात ती पाचवी आली होती. रेसबुकात त्या धावेपुढे फक्त 5 हा आकडा दिसतो. मी ती धाव पाहिली होती. ट्रॅक भिजून जड झालेला, तिला गेट मिळालं बाहेरचं, सुटतानाच ती मागे पडली, वळणावर तीन घोड्यांच्या बाहेरून तिला यावं लागलं. तरी शेवटच्या फर्लांगात तिच्याइतकं जोरात कोणीच पळत नव्हतं. 1000 मीटर तिला कमी पडत होते, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत ती 1200 ला उतरली. पाठीवरचं वजन तीन किलोनं कमी झालं. पायात पोलादी नालांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे नाल आले. ही नालांची नोंद रेसबुकात प्रत्येक घोड्यापुढे एका अक्षरात असते, पण ती वाचणारे थोडे. रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकमध्ये ती आली तेव्हा कान पुढे, चाल सैल, अंगावर घामाचा टिपूस नाही. पुण्यात हीच घोडी रेसच्या आधीच मागच्या मांड्यांमध्ये फेसाळली होती. बुकींच्या रिंगमध्ये भाव पाचचा फुटला आणि आठवर गेला, कारण पैसा त्याच तबेल्याच्या दुसऱ्या घोड्यावर येत होता. मला जे दिसत होतं त्याला आठचा भाव मिळतोय, असं वाटलं आणि मी डाव लावला. नशिबानं हात दिला असेल, नाही म्हणत नाही. पण मी डोळे मिटून बोट ठेवलं नव्हतं.

चिकित्सक : जिंकलेल्या घोडीची कारणं तू किती भरभरून सांगितलीस! गेट, वळण, वजन, नाल, कान, घाम. मला त्यातलं काहीच खोटं वाटत नाही. पण हरलेल्या सोळांपुढे तुझ्या वहीत काय आहे? ‘जॉकीनं घाई केली’, ‘मार्ग मिळाला नाही’, ‘ट्रॅक मानवला नाही’. जिंकला की तुझं वाचन बरोबर आणि हरला की जॉकी चुकला, हा हिशेब फार सोयीचा आहे. त्या सोळा घोड्यांचेही कान रेसआधी पुढेच असतील. निकालानंतर सांगितलेलं कारण म्हणजे वरातीमागून घोडं. रेस सुटायच्या आधी, भाव समोर असताना तू काय लिहिलंस, ते मला हवंय.

पंटर : योग्य मागणी आहे. एक सांगतो. 1600 मीटरची रेस, फेव्हरिट घोडा, भाव दीडचा. आधी लिहिलं होतं : ‘पुढे पळणारे तीन आहेत, वेग कडक पडेल, हा मागून येईल.’ प्रत्यक्षात त्या तिघांतला एक आयत्या वेळी रेसमधून काढला गेला आणि उरलेल्या दोघांनी एकमेकांना सांभाळत रेस चालवली. वेग पडलाच नाही. पुढचे ताज्या दमानं शेवटच्या वळणावर आले आणि माझा घोडा कितीही जोरात आला तरी अंतर पुरलं नाही. घोडा ओळखण्यात मी चुकलो नव्हतो. पण एक घोडा निघाल्यावर अंदाज पुन्हा मांडायला हवा होता, तो मांडला नाही. ही चूक माझी, जॉकीची नाही. बरोबर निर्णय हरू शकतो आणि चुकीचा जिंकू शकतो, हे रेसकोर्सवर जितकं उघड दिसतं तितकं फार कमी ठिकाणी दिसतं. म्हणून म्हणतो, माझी वही निकालावरून नको, अंदाजावरून तपास.

चिकित्सक : अंदाजावरूनच तपासतो. पाचाला एक या दरानं 20 डावांत चार लागायला हवेत. निव्वळ योगायोगानं त्याचे दोन झाले किंवा सहा झाले तरी त्यात नवल काहीच नाही. दोन लागले असते तर तू स्वतःला अडाणी म्हणाला असतास, सहा लागले असते तर जाणकार, आणि दोन्ही वेळा घोड्यांबद्दलचं तुझं ज्ञान तेवढंच असतं. असेच हजार डाव झाले आणि दोनशेच्या जागी अडीचशे लागले, तर मी मान्य करीन की योगायोगाच्या पलीकडे काहीतरी आहे. तोवर एका महिन्याच्या वहीवरून तू जाणकार ठरत नाहीस आणि मूर्खही ठरत नाहीस. मला काळजी याची वाटते की हजार डाव पुरे व्हायच्या आत माणसाचं मन पुरतं बनून गेलेलं असतं.

पंटर : मग सर्वोच्च न्यायालयाचं काय करायचं? लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात 1996 साली न्यायालयानं सांगितलं की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नव्हे. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, जॉकीचा हात, वजन, अंतर, ट्रॅक, यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. मटक्याच्या आकड्यात असं अभ्यासण्यासारखं काय असतं? मटका लावणाऱ्याच्या पंगतीला मला बसवू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

चिकित्सक : नाही बसवत. पण न्यायालयानं सांगितलं ते खेळाबद्दल. खेळात कौशल्य आहे म्हणून प्रत्येक लावणाऱ्यात ते आहे असं होत नाही. शिवाय तुझी स्पर्धा घोड्याशी नाहीच, दुसऱ्या लावणाऱ्यांशी आहे, हे तू विसरतोस. टोटवर सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, त्यातून क्लबचा वाटा जातो आणि उरलेलं जिंकलेल्या तिकिटांत वाटलं जातं. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये निघालेली ही पद्धत आजही तीच आहे. तिथे तुला बरोबर असून भागत नाही, बाकीच्यांपेक्षा जास्त बरोबर असावं लागतं, आणि तेही मधला वाटा भरून काढण्याइतकं. जगभर ढोबळमानानं तीनांतल्या एका रेसला फेव्हरिट जिंकतो. म्हणजे गर्दीला बरंच कळतं. तुला जे नाल दिसले ते अजून दहा जणांना दिसले असतील, तर ते भावात आधीच उतरलेले असतात. तुझ्याकडे ज्ञान आहे का, यापेक्षा तुझ्याकडचं ज्ञान भावात यायचं राहिलंय का, हा प्रश्न खरा.

पंटर : इथे मी तुझ्याशी पूर्ण सहमत आहे, आणि मला वाटतं माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावाही इथेच आहे. बिल बेंटर नावाचा अमेरिकन 1980 च्या दशकात हाँगकाँगला गेला. आधी तो ब्लॅकजॅकमध्ये पानं मोजून खेळायचा. तिथं त्यानं घोड्यांच्या जुन्या धावा, वजनं, अंतरं, जॉकी यांची आकडेवारी जमवून प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढणारं गणित बांधलं. सुरुवातीला पैसे गेले. मग गणित सुधारत गेलं आणि त्यानं अफाट पैसा मिळवला. 1994 साली त्यानं ही पद्धत शोधनिबंधातून मांडली. म्हणजे गर्दीपेक्षा जास्त कळू शकतं, आणि ते सिद्धही होऊ शकतं.

चिकित्सक : बेंटरचं नाव काढलंस ते बरं झालं, कारण त्याच्या निबंधातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू सांगितली नाहीस. त्याचं एकट्याचं गणित पुरत नव्हतं. लोकांनी लावलेल्या भावातून निघणारी शक्यता त्यानं आपल्या गणितात मिसळली तेव्हा ते खरं चालू लागलं. जगातल्या सर्वांत यशस्वी लावणाऱ्यांतल्या एकाला गर्दीचं म्हणणं ऐकावं लागलं. तू भाव आठवर गेलेला पाहिलास तेव्हा मनात काय आलं? ‘हे सगळे चुकताहेत.’ बेंटरनं आधी स्वतःला विचारलं असतं, ‘यांना असं काय माहीत आहे जे मला नाही?’ दुसरी गोष्ट, हाँगकाँगमध्ये एका रेसवर इतका पैसा जमतो की मोठा डाव लावला तरी भाव फारसा हलत नाही. आपल्याकडे टोटवर जरा मोठी रक्कम टाकलीस की तूच तुझा भाव पाडतोस. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, कराची.

पंटर : कराबद्दल माझ्याजवळ बचाव नाही.

चिकित्सक : तरी आकडे मांडू दे, कारण तुझ्या वहीत ते कुठेच नाहीत. ऑक्टोबर 2023 पासून डावाच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर नव्हे, लावलेल्या. हजाराच्या डावाला चारशे रुपये. वेगळे भर की डावातून कापून जाऊ दे, जातात तुझ्याच खिशातून. तुझ्या 20 डावांवर 8,000 कर झाला. ज्या महिन्याला तू चांगला म्हणतोस त्यात 28,000 गेले आणि 20,000 आले. वर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर, मोठी रक्कम असेल तर ती हातात यायच्या आधीच कापलेला, आणि हरलेले डाव त्यातून वजा करता येत नाहीत. एका रविवारी पन्नास हजार मिळाले आणि पुढच्या रविवारी साठ हजार गेले, तरी पन्नास हजारांवरचा कर द्यावाच लागतो. इथे बेंटरचं गणितही हात टेकेल.

(मध्येच लिहिणाऱ्याला बोलल्यावाचून राहवत नाही. कराचा हा भार कायदेशीर रिंगमधल्या माणसावरच पडतो. फोनवरून बेकायदा डाव घेणारा बुकी ना कर भरतो, ना पावती देतो, आणि त्याचा भाव साहजिकच जास्त आकर्षक असतो. जुगार आवरायचा म्हणून लावलेला कर माणसाला उजेडातून अंधाराकडे ढकलत असेल, तर त्याचा फेरविचार व्हायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. चिकित्सकाची बेरीज त्यामुळे खोटी ठरत नाही.)

पंटर : बेरीज मान्य. पण रेस म्हणजे माझी वही एवढंच नाही. महालक्ष्मीचा ट्रॅक 1883 पासून आहे. इंडियन डर्बी 1943 पासून धावते. पहाटे अंधारात घोडे कसरतीला आणणारे सईस, वजन राखण्यासाठी अर्धपोटी राहणारे जॉकी, नाल ठोकणारे, पशुवैद्य, स्टड फार्मवरचे लोक, हा सगळा संसार डावांच्या पैशावर चालतो. वसंत शिंदेंसारखा मराठी जॉकी देशभर नाव काढून गेला तो याच संसारातून. आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट कुठून आली? पूनावालांचा 1946 चा स्टड फार्म, तिथले निवृत्त घोडे रक्तद्रव काढण्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जायचे. मग आपणच लस का बनवू नये, या विचारातून 1966 साली ती संस्था उभी राहिली. इतकी उपयोगी गोष्ट ज्या खेळाच्या कडेनं उगवली, त्याला निव्वळ व्यसन म्हणून झटकता येत नाही.

चिकित्सक : झटकत नाही. पण सीरम इन्स्टिट्यूटनं तुझा डाव योग्य ठरत नाही. लस झाली ती घोडे पाळल्यामुळे, माणसं हरल्यामुळे नव्हे. सईसाचा पगार हरणाऱ्यांच्या खिशातून होतो, हे खरं असेल तर ते आणखीच अस्वस्थ करणारं आहे. तुझ्यासारखा वही ठेवणारा फार हरत नाही. भर घालतो तो शेवटच्या रेसला उभा असलेला माणूस. दिवसभर हरलेला असतो, खिशात घरभाड्याचे उरलेले असतात, आणि एकाच डावात सगळं भरून काढायला तो वीसच्या भावाचा घोडा शोधतो. दूरच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, हे अनेक देशांच्या ट्रॅकवर दिसून आलंय. मग जवळच्या घोड्याचा भाव जरा बरा मिळतो, आणि तो तुझ्यासारख्याला मिळतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात हाच माणूस आहे. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करणारी, आता जायचं नाही असं ठरवलेलं, आणि फाशांचा आवाज कानावर पडला की पाय तिकडेच. तुझ्या कौशल्याला जे चार पैसे मिळतात ते त्याच्याकडून येतात. हे तुला कसं पचतं?

पंटर : पचत नाही. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही आणि बनवूनही देणार नाही. शेवटच्या रेसच्या वेळी मी रिंगमध्ये थांबत नाही, इतकंच करतो, आणि त्यानं त्या माणसाचं काही भलं होत नाही हेही कळतं. त्याला आवरायला डावाची मर्यादा हवी, घरच्यांनी सांगितलं तर त्याला दाराशी थांबवण्याची सोय हवी. पण म्हणून घोडा वाचण्याची विद्याच खोटी, असं मी म्हणू शकत नाही.

चिकित्सक : विद्या खोटी नाही असं धरू. मग पैसे कशाला? वहीत घोडा लिही, त्या क्षणाचा भाव लिही, कागदावर हजार लाव. वर्षाखेरीस समजेल तू कितपत जाणकार आहेस. कर नाही, क्लबचा वाटा नाही, शेवटच्या रेसच्या माणसाचा पैसा नाही. ज्ञान तेवढंच राहील.

पंटर : करून पाहिलं. ज्ञान तेवढंच राहत नाही. कागदावर मी प्रत्येक रेसला घोडा निवडतो, मनाला लागत नसतं म्हणून दोन मिनिटांत निवडतो. पैसे ठेवायचे म्हटले की बहुतेक रेस मी सोडून देतो. खिशाला चटका बसणार असला की मी खरंच पाहतो, आणि न दिसलेलं दिसलं असं स्वतःला सांगत नाही. डाव माझ्याकडून प्रामाणिकपणा वसूल करतो.

चिकित्सक : किंवा उलट. पैसे ठेवल्यामुळे तुला दिसावं असं वाटतं तेच दिसतं. तुझ्या ‘कान पुढे’ मध्ये किती डोळा आहे आणि किती इच्छा, हे तुला स्वतःला सांगता येईल? घोडामैदान जवळच आहे. रविवारच्या गिनीज शर्यतीच्या 1600 मीटरला तू एक घोडा लिहून ठेवलायस, ‘भाव चारचा मिळाला तर लावणार’. चारच का?

पंटर : मला त्याची जिंकण्याची शक्यता चारांत एक वाटते. पुण्यात 1400 ला त्यानं जिंकताना जॉकीनं चाबूक उचललाही नव्हता, कूळ लांब पल्ल्याचं आहे. चारांत एक म्हणजे योग्य भाव तीनचा. चारचा मिळाला तर फायद्यातला.

चिकित्सक : कर धरून पाहा. हजाराच्या डावाला तुझे 1,400 जाणार. चार वेळा लावलंस तर 5,600, आणि त्यात तो एकदाच जिंकणार. म्हणजे हातात मुद्दलासह 5,600 यायला हवेत. भाव साडेचारच्याही थोडा वर. तुझा चारचा भाव तोट्यातला आहे.

पंटर : बरोबर. आणि गिनीजमध्ये अशा घोड्याला साडेचारचा भाव मिळायचा नाही. वहीतला चार खोडतो.

चिकित्सक : मग रविवारी जाणार नाहीस?

पंटर : जाणार. पॅडॉकला उभा राहणार.

चिकित्सक : समज, पॅडॉकमध्ये घोडा तुला हवा तसाच दिसला. चकचकीत अंग, सैल चाल. रिंगमध्ये भाव चारचाच आहे. काय करशील?

पंटर : तसा दिसला तर मी म्हणेन की शक्यता चारांत एक नाही, तीनांत एक आहे. तीनांत एक धरली तर करासकट 4,200 यायला हवेत. चारच्या भावाला 5,000 येतात. मग लावणार.

चिकित्सक : म्हणजे सगळा डाव त्या चारांत एक आणि तीनांत एकच्या मधल्या फटीत आहे. ती फट तू घोड्याकडे पाहून ओलांडलीस की लावायचंय म्हणून ओलांडलीस, हे कसं ओळखणार?

पंटर : आज ओळखता येत नाही. इतकी वर्षं ते मला विचारायचंही सुचलं नव्हतं. एक करता येईल. घरून निघण्याआधी शक्यता लिहीन. पॅडॉकमधून, रिंगकडे न बघता, भाव माहीत नसताना, पुन्हा लिहीन. मग भाव बघीन. दोन आकड्यांतला बदल दर वेळी वरच जात राहिला, घोडा पाहून कधी खाली आलाच नाही, तर तुझं खरं.

चिकित्सक : आणि भाव आधीच कानावर पडला तर? रिंगमधला ओरडा पॅडॉकपर्यंत येतो.

पंटर : येतो. तेव्हा तसं लिहीन, ‘भाव ऐकला होता’, आणि तो डाव वहीत वेगळ्या शाईनं नोंदवीन.

चिकित्सक : वही मला रविवारी रात्री दाखवू नकोस. दोन्ही आकडे रेस सुटायच्या आधी फोनवर पाठव. लावलेस त्या रेसचे, आणि सोडल्यास त्यांचेही.

पंटर : सोडलेल्यांचेही? ते फार होतील.

चिकित्सक : होऊ देत.